भीमातीरीचा बंधुशोक

मनुष्याच्या वाट्यास येणाऱ्या शोकांची आपल्या समाजाने मनाशी एक उतरंड लावून ठेविली आहे. पुत्रशोक सर्वांत वरचा. त्याच्या खालोखाल वैधव्य. मग मातापितरांचा वियोग. ह्या प्रत्येकासाठी आपल्यापाशी शब्द आहेत, रूढी आहेत, सांत्वनाची ठरलेली वाक्ये आहेत. बंधुशोकाला मात्र ह्या उतरंडीत नक्की जागा नाही. घरात तरुण भाऊ एकाएकी गेला म्हणजे येणारी माणसे प्रथम आईच्या खोलीत जातात, नंतर त्याच्या बायकोपाशी बसतात, मुलांच्या पाठीवरून हात फिरवितात, आणि दाराशी उभा असलेला भाऊ दिसला की त्याला विचारतात, "पुढची व्यवस्था काय केली?" त्याच्याकडून शोकाची नव्हे तर व्यवस्थेची अपेक्षा असते. बहिणीची गोष्ट तर याहून विलक्षण. लग्नाने तिचे गोत्र पालटलेले. म्हणून ज्याच्याबरोबर ती एका ताटात जेवली त्याचे पूर्ण सूतकही धर्मशास्त्र तिला देत नाही. दोन-तीन दिवसांनी सासरची चूल तिची वाट पाहात असते.

प्राचीनांनी ह्या नात्याचे मोल ओळखले नव्हते असे मात्र नाही. लक्ष्मण शक्ती लागून पडला तेव्हा वाल्मीकीने रामाच्या तोंडी जो विलाप घातला आहे, त्याचा आशय असा की, बायका आणि सोयरे देशोदेशी मिळतील, परंतु सहोदर भाऊ मिळेल असा देश दृष्टीस पडत नाही. नवल असे की, हाच विचार जगात दूरदूरच्या ठिकाणी सापडतो. हिरोडोटस ह्या ग्रीक इतिहासकाराने इराणच्या दारयवहूच्या दरबारातील एक हकीकत दिली आहे. इंताफर्नीस नावाच्या सरदाराचे सगळे कुटुंब राजाने मृत्युदंडासाठी धरले. त्याच्या बायकोचा आक्रोश ऐकून त्याने तिला कोणातरी एकाचे प्राण मागून घेण्याची मुभा दिली. तिने नवरा मागितला नाही, मुलगे मागितले नाहीत, भाऊ मागितला. नवरा दुसरा मिळेल, मुले होतील, पण आईबाप हयात नसताना भाऊ कोठून येणार, हे तिचे उत्तर होते. आपल्याकडे पालि जातकांत हीच गोष्ट वेगळ्या वेषात आली आहे. आणि सोफोक्लीसच्या अँटिगनीने भावाच्या प्रेतावर माती टाकण्यासाठी स्वतःचा प्राण दिला तेव्हा तिनेही हेच कारण पुढे केले.

हे कारण खोटे नव्हे, परंतु आम्हांस ते अपुरे वाटते. भाऊ दुसरा मिळत नाही हे खरे. तसा पुत्रही तोच पुन्हा मिळत नाही. भावाच्या जाण्यात जे विशेष आहे ते निराळेच. आईबाप आपल्या आयुष्याचा पूर्वार्ध पाहतात, पत्नी व मुले उत्तरार्ध पाहतात; भावंड तेवढे दोन्ही पाहते, निदान पाहावे अशी योजना असते. आपण लहानपणी कशाला भ्यालो, कोठे खोटे बोललो, वडिलांचा मार कोणी कोणासाठी खाल्ला, ह्याचा साक्षीदार जगात तोच एक. तो एकाएकी गेला म्हणजे आपल्या बाळपणाचा दुसरा पुरावा नाहीसा होतो. शिवाय भावंडांचे प्रेम पुष्कळदा भांडणाच्या पोटात दडलेले असते. दीर्घ आजाराने जाणाऱ्याशी माणूस भांडण मिटवून घेतो. अकस्मात जाणारा ते तसेच उघडे टाकून जातो.

ह्या शोकाचा इतिहास पाहू गेल्यास महाराष्ट्रात भीमेच्या खोऱ्याइतके दुसरे स्थळ क्वचितच सापडेल. शिरूर तालुक्यातील निमोणे हे गाव मध्य कल्पून चोहोकडे पाहावे. एकीकडे वढू बुद्रुक, जेथे छत्रपती संभाजी महाराजांची समाधी आहे. ११ मार्च १६८९ रोजी औरंगजेबाने त्यांचा क्रूर वध करविला, आणि ज्या सावत्र भावावर रायगडी पहारा ठेवण्यात आला होता त्या राजारामांस त्यांच्यामागे राज्य तोलून धरावे लागले. त्यापलीकडे इंद्रायणीकाठी आळंदी. मुळामुठेच्या काठी थेऊर, जेथे १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थोरले माधवराव पेशवे क्षयाने निवर्तले. त्यांनी चुलत्याच्या हाती सोपविलेला धाकटा भाऊ नारायणराव पुढच्याच वर्षी ३० ऑगस्टला शनिवारवाड्यात मारला गेला. आणि शेजारच्या खेड तालुक्यात वाफगाव. तेथे होळकरांचा भुईकोट आहे, व यशवंतराव होळकराचा जन्म तेथलाच मानितात. निमोणे स्वतः मात्र बखरींतून डोके वर काढीत नाही. घोड व भीमा ह्यांच्या दुआबातील कितीएक गावांप्रमाणे तेही इतिहासाच्या वाटेवर पडलेले, पण इतिहासाने थांबून नाव न विचारलेले. ह्या गोष्टीचे महत्त्व पुढे दिसेल.

आळंदीचा शोक प्रथम घेऊ, कारण तो दुसऱ्या टोकाचा आहे. शके १२१८ च्या कार्तिक वद्य त्रयोदशीस, म्हणजे १२९६ साली, ज्ञानेश्वरांनी समाधी घेतली. पाठोपाठ सासवडास सोपानदेव, पुढील वर्षी तापीतीरी मुक्ताबाई, आणि शेवटी त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथ. एका वर्षाच्या आत चारही भावंडे गेली. निवृत्तिनाथ वडील भाऊ आणि गुरूही; ज्ञाननिष्ठेत त्यांच्याहून अधिकारी कोण होता? तरी नामदेवांच्या समाधीप्रकरणाच्या अभंगांत ह्या ज्ञान्याचा धीर सुटलेला दाखविला आहे, आणि वारकरी संप्रदायाने ते वर्णन शतकानुशतके गाऊन जपले आहे. संप्रदायाला त्यात गुरूची मानहानी वाटली नाही, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. पण येथे एक सोय होती. मृत्यूचा दिवस ठरलेला होता, संतमंडळी जमली होती, निरोप घेता आला, कीर्तन झाले. शोकाला ओघ मिळाला व पात्रही मिळाले.

आता दुसरे टोक. १५ ऑगस्ट १७९७ रोजी तुकोजी होळकर पुण्यास वारले. त्यांचे काशीराव व मल्हारराव हे औरस पुत्र. यशवंतराव आणि विठोजी हे, बहुतेक इतिहासकारांच्या मते, औरस नव्हेत. वडील काशीराव दुर्बळ, मल्हारराव पाणीदार. यशवंतराव व विठोजी मल्हाररावाच्या बाजूस राहिले. काशीरावाने दौलतराव शिंद्यांचा आश्रय केला. वडिलांच्या मृत्यूस महिना होतो न होतो तोच, १४ सप्टेंबर रोजी, शिंद्यांच्या फौजेने मल्हाररावाच्या पुण्यातील गोटावर अचानक छापा घातला व तो मारला गेला. त्याची पत्नी गरोदर होती. तिला पुढे जो मुलगा झाला तो खंडेराव, आणि ही मायलेकरे शिंद्यांच्या कैदेत पडली. यशवंतराव व विठोजी निसटले. यशवंतराव नागपुरास गेला, तर तेथे रघूजी भोसल्यांनी त्यासच अटकेत टाकिले. तेथून पळून तो माळव्यात आला व मृत भावाच्या पोरक्या मुलाच्या नावाने फौज जमवू लागला. खंडेराव हा धनी, आपण त्याचे चाकर, असा त्याचा दावा होता.

विठोजी दक्षिणेत राहिला. त्याने पंढरपूरच्या बाजूस पेशव्यांच्या मुलखात धुमाकूळ घातला, हे नाकारण्यात अर्थ नाही. बापू गोखल्यांनी त्यास धरून पुण्यास आणिले. १६ एप्रिल १८०१ रोजी शनिवारवाड्यापुढे त्याला फटके मारून हत्तीच्या पायी देण्यात आले. दुसरा बाजीराव स्वतः हे पाहात होता असे इतिहासकार नमूद करितात. बंडखोरास शासन करणे हा राजाचा अधिकार होय. परंतु शासन कशासाठी आणि कसे, ह्यावर त्याचे न्याय्यपण अवलंबून असते. तुकोजी होळकर हे बाजीरावाच्या वडिलांविरुद्ध उभ्या राहिलेल्या पक्षातले. तो राग येथे फेडला गेला असे पुष्कळांस त्या वेळीही वाटले. माळव्यात यशवंतरावाला बातमी पोचली तेव्हा चार वर्षांत त्याचा हा दुसरा भाऊ एकाएकी गेलेला होता, आणि दोन्ही वेळा पुण्यात.

येथे आमच्या मनातील एक गोष्ट वाचकांपासून लपवून ठेवणे योग्य होणार नाही. होळकरांची ही हकीकत विद्यार्थिदशेत आम्ही वाचिली होती तेव्हा ती मराठेशाहीच्या अंताचे एक प्रकरण म्हणून वाचिली. तीत सन, लढाया आणि तह एवढेच दिसले. पुढे आमचा स्वतःचा धाकटा भाऊ एका संध्याकाळी, दुखणे ना बाणे, अर्ध्या तासात गेला. तेराव्यापर्यंत आम्ही सर्व यथासांग केले. सामान आणिले, गुरुजी बोलाविले, हिशेब लिहिला. चौदाव्या दिवशी करण्यासारखे काही उरले नाही, आणि मग आमच्या असे ध्यानात आले की, आम्हांस कोणाचा तरी राग आलेला आहे व तो कोणाचा हे सापडत नाही. त्यानंतर यशवंतरावाचे प्रकरण पुन्हा वाचिले तेव्हा ते निराळे दिसले. राग कोणावर धरावा हे त्याला शोधावे लागले नाही. आणि त्याच्यापाशी फौज होती. सामान्य माणसाचा बंधुशोक आणि त्याचा बंधुशोक ह्यांत जातीचा फरक नाही, साधनांचा आहे.

ह्या साधनांनी काय घडविले ते पाहावे. १८०२ साली यशवंतराव दक्षिणेत उतरला. त्याचा सरदार फत्तेसिंग माने ह्याने ८ ऑक्टोबरला बारामतीपाशी पेशव्यांची फौज उधळली. यशवंतराव पुण्याच्या पूर्वेस लोणी-हडपसरच्या टापूत येऊन उतरला, आणि २५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसरच्या रणात पेशवे व शिंदे ह्यांच्या एकत्र फौजेचा त्याने पुरा मोड केला. दिवाळीचे दिवस होते. भाऊबीज दोन-तीन दिवसांवर आली होती. त्याच्याकडे मागण्याही होत्या, केवळ सूड नव्हता: खंडेराव व त्याची आई ह्यांची सुटका व्हावी, होळकरांची दौलत परत मिळावी. लढाई जिंकल्यावर प्रथम त्याने पुणे शहरास उपसर्ग लागू दिला नाही, ही गोष्ट त्याच्या निंदकांनीही मान्य केली आहे.

परंतु ज्याच्यासाठी तो आला तो बाजीराव हाती लागला नाही. तो सिंहगड, रायगड, कोकण असे करीत वसईस पोचला आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी त्याने इंग्रजांशी तह केला. पायदळाची सहा हजारांहून कमी नाही अशी इंग्रजी फौज कायम ठेवून घ्यावी व तिच्या खर्चासाठी सव्वीस लक्षांचा मुलूख तोडून द्यावा, असे त्यात ठरले. इकडे पुण्यात अमृतरावाच्या मुलास गादीवर बसविण्याची खटपट चालली, फौजेचा पगार थकला, आणि प्रथमचा संयम संपून सावकारांपासून गोरगरिबांपर्यंत सर्वांची पिळवणूक सुरू झाली. वेलस्ली २० एप्रिल १८०३ रोजी पुण्यास आला. १३ मेला बाजीराव इंग्रजांच्या हाताने पुन्हा मसनदीवर बसला.

ह्या चार तारखांच्या मध्ये जे घडले ते भीमा, घोड आणि नीरा ह्यांच्या काठच्या गावांनी भोगले. फौजा आल्या; त्यांच्यामागून पेंढारी आले; उभी पिके घोड्यांच्या तोंडी गेली, पेवे फोडली गेली, बैल हाकून नेले. पेरणीस बी उरले नाही, आणि १८०३ मध्ये पाऊसही रुसला. पुणे व नगर ह्या प्रांतांत त्या व पुढच्या वर्षी जो दुष्काळ पडला त्याची आठवण पुढे कैक वर्षे लोकांच्या तोंडी होती. सरकारी गॅझेटियरातही तो होळकराच्या लुटीच्या नावानेच नोंदला गेला आहे. निमोण्यासारख्या गावांचे महत्त्व आम्ही म्हणत होतो ते हेच. ह्या गावांत त्या दोन वर्षांत किती भावांनी भाऊ पुरले वा जाळले, किती बहिणींची माहेरे ओस पडली, त्याची यादी कोणत्याही दप्तरात असण्याचे कारण नाही. विठोजीला मारणाऱ्यांत त्यांच्यापैकी कोणी नव्हता. एका भावाच्या मरणाचे दुःख अशा रीतीने हजारो घरांत वाटले गेले, आणि ज्यांच्या पदरात ते पडले त्यांस ते कोठून आले हेही नीट कळले नसेल.

येथे सावधपणाने बोलणे अवश्य आहे. वसईचा तह एका बंधुशोकाने घडला असे म्हणणे हे इतिहासाचे कादंबरीकरण होईल. शिंदे-होळकरांची जुनी चुरस, बाजीरावाचा संशयी व कोता स्वभाव, नाना फडणवीस १८०० साली वारल्यावर पुण्याच्या दरबारात आलेली पोकळी, फौजांचे थकलेले पगार आणि इंग्रजांचा सावध पण सतत पुढे सरकणारा डाव, ही कारणे अगोदरच रचून ठेविलेली होती. विठोजी जगता तरी यशवंतराव कधी ना कधी दक्षिणेत उतरलाच असता असे म्हणण्यास जागा आहे. परंतु राजकारणातील माणसे राजकारणाखेरीज दुसऱ्या कशाने हलत नाहीत, हे म्हणणेही तितकेच भ्रामक होय. नानासाहेब पेशव्यांस पानिपताने जो धक्का बसला त्यात केवळ फौज व खजिना ह्यांची हानी नव्हती. थोरला मुलगा आणि पाठच्या भावाप्रमाणे वाढलेला चुलत भाऊ एका दिवशी गेले, आणि १४ जानेवारी १७६१ नंतर पुरे सहा महिनेही ते जगले नाहीत. एकाने शोक आत वळविला व तो त्यात विझला. दुसऱ्याने बाहेर वळविला व मुलूख जाळला.

आणि त्याचे स्वतःचे काय झाले? ह्या हकीकतीतील सर्वांत करुण भाग हाच आहे. ज्या खंडेरावाच्या नावाने त्याने शस्त्र धरिले तो मुलगा १८०७ मध्ये मरण पावला. पुढल्या वर्षी काशीराव मारला गेला. ह्या दोन्ही मृत्यूंचा संशय समकालीनांनी यशवंतरावावरच घेतला. संशय खरा की खोटा ह्याविषयी पंडितांत एकमत नाही, व आम्हीही निकाल देत नाही. परंतु मारलेल्या भावाचा कैवार घेऊन निघालेल्या मनुष्यावर त्याच भावाच्या मुलाच्या मृत्यूचा आळ यावा आणि तो लोकांस शक्य वाटावा, एवढे म्हटले तरी पुरे. १८०८ मध्ये त्याच्या बुद्धीस भ्रंश झाला. भानपुऱ्यास तो रात्रंदिवस तोफा ओतविण्याच्या नादी लागला होता; माल्कमसाहेबाने अति मद्यपानाकडे बोट दाखविले आहे. २८ ऑक्टोबर १८११ रोजी तो तेथेच वारला. वयाची पस्तिशीही पुरी झाली नव्हती. तोफा कोणावर डागावयाच्या हा प्रश्न त्या वेळी त्याच्या मनात स्पष्ट होता की नाही, कोण सांगणार? इंग्रजांशी निकराने लढलेला हा शूर पुरुष आहे, आणि त्या शौर्याबद्दल महाराष्ट्राने त्याचा अभिमान धरावा हेच योग्य. तरी हडपसरच्या विजयाने त्याचा शोक फिटला असे त्याच्या चरित्रात कोठेही दिसत नाही.

इतिहासाने मात्र हिशेब आपल्या रीतीने पुढे चालविला. वसईच्या तहान्वये आलेल्या फौजेचा तळ घोडनदीकाठी शिरूरास पडला, आणि ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री ह्याच तळावरून कॅप्टन स्टाँटनची तुकडी निघून १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगावास पोचली. बाजीरावाच्या राज्याचा शेवट जेथून जवळ आला ते मैदान वढूपासून हाकेच्या अंतरावर आहे. आणि होळकरांच्या घरात, ज्या विठोजीला हत्तीच्या पायी दिले त्याचाच पुत्र हरिराव १८३४ साली इंदूरच्या गादीवर बसला व १८४३ पर्यंत राहिला. पित्याचा असा अंत झालेला मुलगा पित्याच्या नावाने कोणाचाही सूड न घेता राज्य करून गेला. त्याच्या कारकीर्दीची इतिहासकारांनी फारशी स्तुती केलेली नाही. पण त्याच्यासाठी कोणत्याही नदीकाठचे शेत उजाड झाले नाही, हे त्याच्या खाती जमा धरिले पाहिजे.

ह्या सर्वांतून आम्ही काय घ्यावे? शोक हा कोणासही दुसऱ्याच्या घरावर चालून जाण्याचा परवाना देत नाही, हे एक. यशवंतरावाच्या दुःखाविषयी मन कितीही कळवळले तरी दुआबातील निनावी गावांचा विसर पडू देणे हा अन्यायच होईल. परंतु दुसरी गोष्ट आम्हांस अधिक जवळची वाटते. आळंदीच्या शोकास जे मिळाले ते माळव्यातील त्या छावणीत कोणी दिले नाही: जवळ बसणारे चारजण, रडण्याची मुभा, आणि जो गेला त्याचे नाव पुन्हा पुन्हा घेणारी तोंडे. निवृत्तिनाथांसारख्या विरक्ताला ज्याची गरज लागली ती गरज आपल्या घरातील कर्त्या भावाला लागत नाही असे समजण्यास आधार काय?

भीमेच्या खोऱ्यात आजही तरुण माणसे एकाएकी जातात; रस्त्यावर, विहिरीत, साप चावून, वा छातीतील एका कळेने. दशक्रियेस गाव लोटतो, पिंडाला कावळा शिवतो, माणसे आपापल्या कामास लागतात. अशा घरी आमच्या वाचकांपैकी कोणास जाण्याचा प्रसंग आला, तर आईपाशी व त्या मुलीपाशी बसून झाल्यावर ओट्यावर हिशेबाची वही घेऊन बसलेल्या भावाजवळही त्यांनी घटकाभर बसावे. वही बाजूस ठेवावयास सांगावी. माहेरी आलेल्या बहिणीस परत जाण्याची घाई करू नये. गेलेला लहानपणी कसा होता, एवढेच विचारावे. ते सांगणारे ह्या जगात आता ते दोघेच उरलेले असतात.